दोन इंची, आठ नंबर, पितळी

नेवरेकर आप्पा कोणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की उंबऱ्यातच वाकत. यजमानाला वाटे, म्हातारा जुन्या वळणाचा आहे, वास्तूला नमस्कार करतोय. तो भारावून हात जोडी. आप्पा मात्र दाराची खालची बिजागरी बघत असत. मग कमरेवर हात ठेवून सावकाश सरळ होत आणि चहा यायच्या आत निकाल देत, "तीन इसम ठोकलेले आहेत. एक गैरहजर."

इसम म्हणजे स्क्रू. आप्पांची सगळी नोकरी दिवाणी कोर्टात कारकुनीत गेली होती आणि निवृत्त झाल्यावर कोर्टाची भाषा त्यांनी पेन्शनीबरोबर घरी आणली होती. 'ठोकलेला' ही त्यांच्या कायद्यातली सर्वांत मोठी शिवी. आपल्याकडचे बहुतेक सुतार स्क्रू हातोडीने ठोकतात आणि शेवटचे दोन पीळ तेवढे डिसमिसने देतात, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की सगळं रीतसर झालंय. आप्पांना हे खपत नसे. खिळा म्हणून आत शिरायचं आणि स्क्रू म्हणून मिरवायचं, ही शुद्ध फसवणूक आहे, असं त्यांचं मत. कोर्टात असताना एकदा साक्षीदाराच्या पिंजऱ्याचा कठडा साक्षीदाराच्या हातात आला होता. सगळे साक्षीदाराला हसले. आप्पांनी मधल्या सुट्टीत कठडा तपासला, तर सहाच्या सहा स्क्रू ठोकलेले. तेव्हापासून म्हणे त्यांचा माणसांवरचा विश्वास थोडा कमी झाला आणि स्क्रूंवरचा अभ्यास वाढला.

मी रत्नागिरीला आलो अठ्ठ्याण्णव साली. बँकेने साताऱ्याहून उचलून इथे टाकलं होतं. लग्न व्हायचं होतं, सामान म्हणजे एक वळकटी आणि पुस्तकांच्या दोन पेट्या. झाडगावात आप्पांच्या कुंपणाला लागून दोन खोल्या मिळाल्या. पहिल्याच रविवारी मी भिंतीवर फळी लावायला घेतली. चार ठोके मारले असतील नसतील, तोच कुंपणापलीकडून एक उंच, वाळलेला म्हातारा बनियनवर आला आणि माझा हातोडीचा हात धरून उभा राहिला. स्क्रू ठोकतोयस, म्हणाला. त्यांना न बघता कसं कळलं, असं मी विचारलं. खिळ्याचा आवाज खाली खाली जातो, स्क्रूचा जात नाही, तो ओरडतो, असं त्यांचं उत्तर. मला आजही हा फरक कळत नाही. पण तेव्हा मी हातोडी खाली ठेवली होती, हे खरं.

त्या दिवसापासून माझं शिक्षण सुरू झालं. मी काही शिकवणी लावली नव्हती. आप्पांनी ती लावून घेतली.

त्यांच्या ओटीवर एक कपाट होतं आणि त्यात पत्र्याचे डबे. प्रत्येक डब्यावर चिकटवलेल्या कागदावर सुवाच्य अक्षरात लांबी, नंबर, धातू आणि डोकं. नंबर म्हणजे जाडी, हे कळायलाच मला महिना लागला. आप्पा एकेक स्क्रू चिमटीत धरून त्याची ओळख करून देत. चपट्या डोक्याचा स्क्रू म्हणजे कारकून. लाकडात पुरता बसतो, काम करतो, कोणाला दिसत नाही. गोल डोक्याचा म्हणजे पुढारी. निम्मा कायम वर. त्याला फक्त लोखंडी पट्टीवर, कडीवर, खुंटीवर बसवायचं. नुसत्या लाकडात त्याला बसवला तर येणाऱ्याजाणाऱ्याचे कपडे फाटतात आणि लावणाऱ्याची अब्रू जाते. मधलं एक डोकं असतं, जरासं फुगीर, तो लग्नातला मामा, थोडा दिसला पाहिजे. सहा कोनी डोक्याचा दणकट गडी म्हणजे फौजदार, तो डिसमिसला भीक घालत नाही, त्याला पाना लागतो. आणि तेव्हा नुकत्याच येऊ लागलेल्या तयार फर्निचरमधले फुलीच्या खाचेचे स्क्रू म्हणजे मुंबईचे पाहुणे. त्यांना त्यांचाच डिसमिस लागतो, घरचा चालत नाही.

पण आप्पांचं खरं प्रेम पितळी स्क्रूवर. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत लोखंडी स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजतो आणि लाकडावर तांबडा ओघळ सोडतो. पितळेला तो रोग नाही. पण पितळ मऊ. जोर केला की मान तुटते आणि धड आत राहतं. म्हणून आधी गिरमिटाने भोक पाडायचं, मग त्याच मापाचा लोखंडी स्क्रू साबण लावून आत घालायचा, पीळ पडले की तो बाहेर काढायचा आणि त्याच वाटेने पितळी न्यायचा. एका स्क्रूसाठी दोनदा मेहनत. शेवटी सगळ्या खाचा उभ्या एका ओळीत आणायच्या. मी एकदा म्हटलं, आप्पा, खाच आडवी राहिली म्हणून दार उघडायचं थांबतं काय. आप्पा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

ते मला मधूनमधून बाजारात स्क्रू आणायला पाठवत. ती परीक्षाच असे. मी दोन इंचीच्या जागी दीड इंची आणी, आठ नंबरच्या जागी सहा. एकदा सगळं बरोबर आणलं आणि घरी येऊन बघतो तर पितळी नव्हे, पितळेचं पाणी दिलेले लोखंडी. आप्पांनी खिडकीतलं लोहचुंबक काढलं, स्क्रू टचकन चिकटले. "बँकेत नोटा तूच तपासतोस काय रे?" एवढंच ते म्हणाले.

या माणसाबरोबर संसार करणाऱ्या माईंबद्दल मला आदर वाटे. माई ठेंगण्या, गोऱ्या, मोठ्याने हसणाऱ्या. आप्पांना त्या पाठीमागे 'कोर्ट' म्हणत. कोर्ट झोपलंय, कोर्टाला आज अळूची भाजी नकोय. मला आठवड्यातून दोन-तीनदा कुंपणावरून डबा येई. त्या बदल्यात मी माईंना पेपर वाचून दाखवायचा, असं आपोआप ठरत गेलं. चष्म्याचा नंबर बदललाय, अक्षरं नाचतात, असं त्या म्हणत. कोर्टाला वेळ झाला की करू नवा. वेळ आप्पांना बिजागऱ्यांमधून होत नव्हता.

मग तो मसालेभात झाला. आप्पांचा मुलगा श्रीधर ठाण्याहून चार दिवसांसाठी आला होता, म्हणून मलाही जेवायला बोलावलं होतं. दुसऱ्या घासाला माझ्या दाताखाली काहीतरी कचकन आलं. मी ते तोंडातून काढलं. स्क्रू होता. अर्ध्या इंचाचा, काळा, गोल डोक्याचा. आप्पा दुपारी स्वयंपाकघरातल्या फडताळाची कडी लावत होते आणि स्क्रूंची वाटी लवंगांच्या वाटीशेजारी राहिली होती. माईंनी फोडणीत लवंगा म्हणून चिमूटभर स्क्रू घातले होते.

आम्ही पोट धरून हसलो. माई सगळ्यांत जास्त. श्रीधर म्हणाला, आता आमसुलाच्या सारात बिजागरी येईल. मी पुढे कितीतरी दिवस हा किस्सा बँकेत रंगवून सांगितला, आणि तसं केल्याची मला आज लाज वाटते. कारण त्या पंगतीत एक माणूस हसत नव्हता. आप्पांनी तो स्क्रू माझ्या हातातून घेतला, ताटाच्या कडेला ठेवला, आणि मग सगळ्यांच्या पानांतला भात बोटांनी उकरून आणखी तीन शोधून काढले. मग वर बघून माईंना विचारलं, "हे तुला दिसले नाहीत गो?"

माई म्हणाल्या, संध्याकाळचं तेवढं जरा अंधुक होतं. दिवा लागलेला होता. आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर साठचा बल्ब होता.

काचबिंदू निघाला. आप्पा माईंना कोल्हापूरला घेऊन गेले, तिथून मिरजेला. डॉक्टरांनी सांगितलं, गेली ती नजर येणार नाही. उरली आहे ती औषधाने जितकी टिकेल तितकी. आणि ती काही फार टिकली नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत माईंना उजेड आणि अंधार एवढाच भेद कळत होता.

आप्पांनी तेव्हा स्क्रूंच्या कपाटाला कुलूप लावलं. दिवसभर ते माईंच्या पुढे आणि त्यांच्या खांद्यावर माईंचा हात, असे दोघं घरभर फिरत. ओटीवरून माजघरात, माजघरातून स्वयंपाकघरात, तिथून न्हाणीकडे. आमच्या आळीत नवराबायको देवळात जातानासुद्धा चार हात अंतर ठेवून चालत. त्यामुळे शेजारणी मुद्दाम काहीतरी मागायला येत आणि हळहळून जात. माईंना ते नको होई. एकदा पेपर वाचताना मला मध्येच थांबवून त्या म्हणाल्या, "सगळं सोसेन रे. पण चहा करायलासुद्धा कोर्टाची परवानगी लागते, हे नाही सोसवत."

श्रीधरने फोनवर ठरवून टाकलं की गणपतीला येतो आणि दोघांना ठाण्याला घेऊन जातो. त्याचं चुकत नव्हतं. पासष्टीतली आई आंधळी, सत्तरीतला बाप, मागच्या दारी विहीर. पण ठाण्याच्या घरात माईंना एक खुर्ची मिळाली असती आणि मरेपर्यंत तीच. हे घर त्यांच्या पायाखालचं होतं. इथे त्या चालू शकल्या असत्या, निदान प्रयत्न तरी करता आला असता. आप्पांनी फोन ठेवला आणि मला हाक मारली. गणपतीपर्यंत ती आपली आपण फिरली पाहिजे, म्हणाले. फिरली तर राहू, नाही तर जाऊ. पावणेचार महिने हातात होते.

दुसऱ्या दिवशी कपाटाचं कुलूप निघालं. लाकडाच्या वखारीतून फणसाच्या पट्ट्या कापून आल्या. कमरेच्या उंचीवर, सगळ्या घराला आतून लागून जाईल असा लाकडी दांडा भिंतींवर बसवायचा, ही आप्पांची योजना. जांभ्याच्या भिंतीत स्क्रू धरत नाही, म्हणून आधी भोकं पाडून लाकडाचे गट्टू ठोकायचे आणि गट्टूत स्क्रू. फणसाचा दांडा आप्पांनी रंधून, घासून असा गुळगुळीत केला की हात घसरत जाई. स्क्रू अर्थातच पितळी. सबंध घराला मिळून किती लागले ते मी मोजलं नाही, पण प्रत्येकाच्या आधी एक लोखंडी आत जाऊन बाहेर आला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मी बँकेतून आलो की दांडा धरून उभा राही. चपटी डोकी लाकडात इतकी बेमालूम बसवलेली की बोट फिरवलं तर कळू नये. खाचा सगळ्या उभ्या. जुलै संपता संपता काम पुरं झालं आणि खरं सांगतो, इतकं सुंदर सुतारकाम मी दुसरं पाहिलेलं नाही.

माईंनी दांड्याला हात लावला आणि निघाल्या. माजघर ओलांडलं. स्वयंपाकघराचं दार आलं, ते त्यांना कळलंच नाही. तशाच पुढे गेल्या आणि न्हाणीच्या पायरीवरून खाली आल्या. पाय मुरगळला, गुडघा फुटला. आम्ही दोघं धावलो. माई जमिनीवर बसून होत्या. पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं, पण गुडघ्यासाठी नसावं. त्या आप्पांना म्हणाल्या, "छान झालाय हो दांडा. पण सगळीकडे सारखाच लागतो. मी आहे कुठे, ते त्याच्यावरून कसं कळायचं?"

आप्पांनी माईंच्या पायाला हळद उगाळून लावली, त्यांना कॉटवर निजवलं आणि ओटीवर येऊन बसले. इतकी वर्षं ज्या गोष्टीचा अभिमान बाळगला, तिनेच माईंना पाडलं होतं. कुठेच काही वर येऊ दिलं नव्हतं. मी काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं, त्यांनी हातानेच गप्प केलं.

चार-पाच दिवसांनी बघतो तर आप्पा दांड्यातले काही स्क्रू काढत होते आणि त्या जागी गोल डोक्याचे बसवत होते. नुसत्या लाकडात. निम्मे वर. मी थक्क होऊन बघत राहिलो. स्वयंपाकघराच्या दाराआधी हातभर अंतरावर एक गोल डोकं. न्हाणीच्या पायरीआधी दोन जवळजवळ. मागच्या दाराआधी तीन. वळण असेल तिथे मधलं, फुगीर डोक्याचं. कडा माईंच्या बोटाला लागू नयेत म्हणून प्रत्येक डोकं आधी कानशीने आणि मग पॉलिश कागदाने घासलेलं. त्यात काहींच्या खाचासुद्धा झिजून गेल्या होत्या. त्या उभ्या की आडव्या, हे आता कोणालाच सांगता आलं नसतं.

"आप्पा, हे दिसतंय कसं," मी म्हटलं.

"तिला कुठे दिसतंय," ते म्हणाले, आणि पुढचा स्क्रू घेतला.

माईंना तो हिशेब शिकायला पंधरा दिवससुद्धा लागले नाहीत. सुरुवातीला मोठ्याने मोजत, मग ओठांतल्या ओठांत, मग तेही बंद झालं. त्या माझ्यापेक्षा हुशार विद्यार्थिनी निघाल्या. एक दिवस मला म्हणाल्या की माजघरातला खिडकीखालचा चपटा एक जरा वर आलाय, कोर्टाला सांग. आप्पांनी जाऊन बघितलं. खरंच केसभर वर आला होता. त्यांनी तो आवळला आणि दिवसभर खुशीत होते.

गणपतीला श्रीधर आला. मोठी रिकामी बॅग घेऊन आला होता. पहिल्या सकाळी माई उठल्या, दांड्याला हात लावून स्वयंपाकघराकडे निघाल्या. श्रीधर दोन्ही हात पसरून त्यांच्या मागे मागे. आप्पा ओटीवर पेपर उलटा धरून बसलेले, आणि मी आरतीच्या पुस्तकाचं निमित्त करून दारात. माईंनी गॅस पेटवला, आधण ठेवलं, साखर घातली. मग मागे न वळता म्हणाल्या, मागे उभा राहू नकोस, माझ्या वाटेत येतोस. श्रीधर बाहेर येऊन बसला. चहा आला. थोडा गोड झाला होता. श्रीधरने दोन कप घेतले. जाताना त्याने बॅगेत नारळ भरून नेले आणि ठाण्याचं नाव काढलं नाही. माझ्याजवळ मात्र म्हणाला की दर रविवारी फोन करीन, तू खरं काय ते सांगायचंस. मी कबूल केलं.

सगळं झाल्यावर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. दांडा मागच्या दाराशी संपत होता. तिथून तीन पायऱ्या उतरून, विहिरीच्या अलीकडे अनंताचं झाड होतं. माईंना रोज संध्याकाळी देवासाठी त्याची फुलं काढायची सवय होती, आणि अनंताचं फूल वासावरून सापडतं, त्याला डोळे लागत नाहीत. फार तर दहा-बारा पावलांचं अंतर. दोन लाकडी खांब उभे केले की दांडा तिथवर सहज गेला असता. मी आप्पांना विचारलं. त्यांनी चष्मा पुसला आणि स्क्रू संपले, म्हणून सांगितलं.

मला वाईट वाटलं. एवढा खटाटोप केला आणि शेवटच्या दहा पावलांना अडलं. शनिवारी बँक सुटल्यावर मी बाजारात गेलो, दोन इंची, आठ नंबर, पितळी, चपट्या डोक्याचे दोन डझन निवडून घेतले, दुकानातच लोहचुंबक लावून बघितलं आणि पुडी आप्पांच्या हातात ठेवली. त्यांनी एकेक स्क्रू उजेडात धरून तपासला. एकही वाईट निघाला नाही. मी दोन वर्षांत पहिल्यांदा पास झालो होतो. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, पुडी बनियनच्या खिशात टाकली आणि आत निघून गेले.

पंधरा दिवस गेले, महिना गेला, मागच्या दारी खांब काही उभे राहिले नाहीत. म्हातारा थकला असेल, असं मी धरून चाललो. मग एका संध्याकाळी माईंचा रिकामा डबा द्यायला मी विहिरीच्या बाजूने गेलो. कुंपणाशी पोचलो आणि थांबलो.

मागच्या दारात माई आल्या होत्या. दांडा संपतो तिथे एक हात टेकवून उभ्या, आणि दुसरा हात समोर मोकळ्या हवेत धरलेला. त्यांनी हाक मारली नाही. आप्पा विहिरीच्या कट्ट्यावर बसलेले होते, कधीपासून कोण जाणे. धुतलेलं धोतर, अंगात सदरा, केस विंचरलेले. ते उठले, पायऱ्या चढून गेले आणि त्यांनी तो हात हातात घेतला. खांद्यावर घेतला नाही, हातात घेतला. मग दोघं खाली उतरले, अगदी सावकाश, दहा पावलांना पाच मिनिटं लावत. माईंनी फुलं काढली. आप्पांनी परडी धरली.

"इथवर दांडा कधी यायचा?" माईंनी विचारलं.

"स्क्रू मिळत नाहीत गो बाजारात."

माईंनी आप्पांचा हात पुन्हा चाचपून घेतला.

"नाहीच मिळायचे ते," त्या म्हणाल्या. "उगाच शोधत बसू नका."

मी डबा घेऊन तसाच मागे फिरलो आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या दाराने नेऊन दिला.